मॅडोनाच्या ‘इमॅक्युलेट कलेक्शन’ची कॅसेट संगणकावर घेताना

१९९० सालचा हा संग्रह, गाणी १७, पैकी २ तेव्हा नवी. सगळी ऑनलाइन मिळतात, मग कॅसेट कशाला, असं कुणीही विचारेल. पण इथे अनेक गाणी मूळ अल्बमसारखी नाहीत, काही कापून आखूड केली आहेत. शिवाय मिक्सिंगला क्यूसाउंड हे तंत्र वापरलंय, ज्यात आवाज स्पीकरच्या बाहेरून आल्यासारखा वाटतो. हा परिणाम डाव्या-उजव्या चॅनेलमधल्या वेळेच्या सूक्ष्म फरकावर उभा असतो. म्हणून या कॅसेटला हेडचा, म्हणजे डेकमध्ये टेपवरून आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन सगळ्यात महत्त्वाचा.

आधी टेप तपासा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटला बुरशी हमखास येते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. मास्क लावा, एखाद्या भंगार प्लेअरवर हळू गुंडाळत मऊ सुती कापडाने पुसून घ्या. उन्हात ठेवू नका, खोका वाकतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेली असेल तर खोका उघडून टेप डिस्टिल्ड वॉटरने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि ५ स्क्रूच्या दुसऱ्या खोक्यात रिळं बदला. चिकटवलेला खोका असेल तर कडेने चिरावा लागतो, घाई केली तर टेपही चिरते.

टेपमागे फेल्टचा छोटा तुकडा असतो. जुना गोंद वाळून तो पडतो, मग आवाज आत-बाहेर होतो. टाकाऊ कॅसेटमधला काढून बसवा.

हेड आणि धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने (९९ टक्के) पुसा. मोबाइल दुरुस्तीचं साहित्य विकणाऱ्यांकडे ते मिळतं. रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी पुरे, अल्कोहोलने रबर कोरडं पडतं. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा.

आता कोन. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याखाली स्प्रिंग आहे तोच फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. विंडोजमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ (आत येणारा आवाज लगेच ऐकवणारी सोय) लावा आणि हेडफोनवर झांजेचा किंवा ‘स’चा आवाज ऐकत स्क्रू एक अष्टमांश फेऱ्याने पुढे-मागे करा. कोन चुकला असेल तर दोन चॅनेल एकत्र येताना वरचे स्वर एकमेकांना मारतात, आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. जिथे तो सर्वात लख्ख, तिथे थांबा. डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवूनच हे करा. मग मोनो आठवणीने बंद करा, नाहीतर संगणकातून ऐकताना क्यूसाउंडचा पत्ताच लागणार नाही.

वेग? त्याच संग्रहाच्या सीडीतल्या गाण्याची लांबी पाहा, मूळ अल्बमची नको. ४ मिनिटांचं गाणं ३:५५ मध्ये संपलं तर डेक सुमारे २ टक्के जास्त वेगाने चालतोय. तो मोटरवरच्या छोट्या भोकातून जुळवता येतो. वेग लाटांसारखा वर-खाली होत असेल तर बेल्ट सैल झालाय, तो बदला.

जोडणी लाइन आउटमधून लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. आवाज संगणकात घेणारा यूएसबी इंटरफेस घ्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास. गुंजन येत असेल तर चार्जर काढून बघा.

दोन्ही बाजू मिळून सुमारे ७३ मिनिटं होतात. प्रत्येक बाजू एकाच फाइलमध्ये घ्या, गाणी नंतर कंट्रोल-बी दाबून खुणा करून वेगळी करा. मधली शांतता थोडी राहू द्या. ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनचा (खरखर काढण्याचा) हात जपून, ६ डेसिबलच्या वर गेलात की झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या होतात. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात) जपा, एमपी३ फक्त फोनसाठी. स्क्रू जुळला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका, डेक हलवताना तो सरकत नाही.