घरी गिटार आणि गाणं रेकॉर्ड करताय? खरेदीआधी या चुका टाळा

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी पहिलं रेकॉर्डिंग केलं ते ऑनलाइन मागवलेल्या एका 'स्टुडिओ किट'वर. खोक्यात सोनेरी जाळीचा कंडेन्सर माइक, टेबलाला अडकवायचा स्टँड, स्पंजची टोपी आणि एका टोकाला हेडफोनसारखी पिन असलेली केबल. पिन लॅपटॉपमध्ये खोचली, गिटार मांडीवर घेतली आणि गायलो. ऐकायला मिळाली ती पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर आणि तिच्यामागे, शेजारच्या घरात कुणी गातंय असा मी.

माइक बिघडलेला नव्हता, उपाशी होता. कंडेन्सर माइकला साधारणपणे ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज, लागते आणि लॅपटॉपचं माइकचं भोक त्याच्या जवळपासही पोचत नाही. काही स्वस्त माइक तेवढ्यावर कसेबसे चालतात, पण सिग्नल इतका क्षीण येतो की आवाज वाढवावा तशी खरखरही वाढते. तेव्हा पहिली गोष्ट ही की माइक घ्यायचा तर सोबत ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप यांना जोडणारी छोटी पेटी) घ्यायचा, किंवा मग सरळ यूएसबी माइक. हेडफोनच्या पिनवाल्या 'स्टुडिओ किट'चे पैसे वाचवून एक चांगली केबल घ्या.

गाणार कसं, ते आधी ठरवा

सगळे विचारतात, "कोणता माइक चांगला?" त्याच्या आधीचा प्रश्न दुकानदारही विचारत नाही: तुम्ही वाजवता वाजवता गाणार, की आधी गिटार रेकॉर्ड करून मग तिच्यावर गाणार? अर्धी खरेदी या उत्तरावर ठरते.

वेगवेगळं करणार असाल तर एक माइक आणि एकच माइक-इनपुट असलेला इंटरफेस पुरतो. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, बेहरिंगरचा यूएम२ हे त्या जातीचे. एकाच वेळी वाजवून-गाऊन दोन वेगळे ट्रॅक हवे असतील तर दोन माइक-प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) लागतात: स्कार्लेट २आय२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी किंवा एम-ऑडिओचा एम-ट्रॅक ड्युओ. इथे हमखास फसगत होते. सोलोवर दोन इनपुट दिसतात, म्हणून लोक दोन माइक घेऊन घरी येतात. त्यातलं दुसरं इनपुट पिकअपवाल्या गिटारसाठी किंवा कीबोर्डसारख्या वाद्यासाठी असतं. माइकला लागणारा प्रीअँप तिथे नाही.

"मग गिटारची पिन तिथे लावतो, गळ्याला माइक देतो," असं पुढचं उत्तर येतं. लावता येते. पण सॅडलखालचा पिझो पिकअप तारांचा दाब टिपतो, लाकडी पेटीतून खोलीत उमटणारा आवाज टिपत नाही. रेकॉर्डिंगमध्ये गिटार प्लॅस्टिकची वाटते. स्टेजवर ढोलक-कीबोर्डच्या गर्दीत ते खपून जातं, एकट्या गळ्याखाली मात्र उघडं पडतं.

दोन यूएसबी माइक घेऊन काम भागवायचा विचार असेल तर तोही सोडा. प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं चालतं, आणि विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एएसआयओ ड्रायव्हरमार्फत (आवाजाचं उपकरण लॅपटॉपशी जोडणारं सॉफ्टवेअर) एका वेळी एकच उपकरण धरतं. मॅकवर दोन उपकरणं जोडायची सोय आहे, पण लांब टेकमध्ये ट्रॅक हळूहळू सरकण्याचा धोका राहतोच.

लय श्वासाबरोबर हलणारी गाणी, विशेषतः भावगीताच्या वळणाची, तुकड्यातुकड्यांनी गायली की मरतात. तसं गाणाऱ्यांना मी दोन माइकांपेक्षा एकच माइक सुचवेन. तो छातीच्या उंचीवर, दोन-अडीच वीत समोर ठेवा. गळा कमी वाटला तर माइक थोडा वर घ्या, गिटार कमी वाटली तर खाली. नंतर मिक्समध्ये काही बदलता येणार नाही, पण दोन माइकांमध्ये एकमेकांचा आवाज शिरून जो पोकळपणा येतो तो टळतो. दोन माइक लावायचेच असतील तर कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज जास्त टिपणारा) पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, हे लक्षात ठेवा. गळ्याचा माइक खालून वर तोंड करून लावा, म्हणजे त्याची पाठ गिटारकडे येईल. गिटारचा माइक थोडा खाली झुकवा. तरीही आवाज पातळ वाटला तर सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करून ऐका. कधीकधी त्या एका बटणाने गिटारला पोट परत येतं.

स्वस्त कंडेन्सर की डायनॅमिक?

'कंडेन्सर म्हणजे स्टुडिओचा, डायनॅमिक म्हणजे भाषणाचा' हा समज मोडायला हवा. शुअर कंपनीचे दोन डायनॅमिक माइक घ्या: एसएम५७ १९६५ पासून आणि एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे, आणि दोन्ही आजही स्टुडिओंत वापरात आहेत. डायनॅमिक माइक फँटम पॉवरशिवाय चालतो. तो बहुधा तोंडाच्या अगदी जवळ धरून वापरतात, त्यामुळे खालच्या रस्त्यावरचे हॉर्न कमी त्रास देतात.

त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० सारखा कंडेन्सर त्याच आवाजाला एसएम५८ च्या सात-आठपट व्होल्टेज देतो. म्हणजे डायनॅमिक माइक अगदी हलक्या बोटांनी वाजवलेल्या गिटारसमोर ठेवला की गेनचं (सिग्नल वाढवायचं) बटण जवळजवळ टोकाला न्यावं लागतं, आणि स्वस्त इंटरफेस तिथे फुसफुसतो. माझा हिशेब असा: खोली शांत आणि बोटांनी नाजूक वाजवणं असेल तर कंडेन्सर, खोली रस्त्याकडेची, गळा मोठा, पिकने ठोकून वाजवणं असेल तर डायनॅमिक.

एक सावधगिरी. एसएम५८ च्या बनावट प्रती बाजारात भरपूर आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन 'अर्ध्या किमतीत ओरिजिनल' मिळत असेल तर पावती आणि वॉरंटी कार्ड मागा. चेहरे लगेच बदलतात.

आवाज न्हाणीघरातला येतो

माइकला नावं ठेवली जातात त्यातल्या बहुतेक तक्रारी खोलीच्या असतात. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छत सपाट. टाळी वाजवून पाहा. मागे 'टर्र्र' अशी शेपूट ऐकू आली की तीच रेकॉर्डिंगमध्ये येणार.

यावर लोक इंचभर जाडीचा टोकदार फोम भिंतीला चिकटवतात, काही जण तर अंड्यांचे ट्रे. ट्रेचा उपयोग शून्य. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातो, खालची घूं तशीच ठेवतो. परिणामी आवाज बंद खोक्यात ठेवल्यासारखा येतो. फोमने शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येणं थांबेल, अशी आशा तर अजिबात धरू नका.

माइकच्या मागे लावायच्या अर्धगोल ढालींवरही घाईने खर्च करू नका. कार्डिऑइड माइक ऐकतो तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागे. म्हणजे मऊ वस्तू तुमच्या पाठीशी हवी. आईची जाड गोधडी दोरीवर टाका, तिच्याकडे पाठ करून बसा, समोर माइक. किंवा गच्च भरलेलं कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करा. पायाखाली सतरंजी. कोपऱ्यात आणि खोलीच्या बरोब्बर मध्ये बसू नका. हे सगळं फुकटात होतं आणि मी माइक बदलून जेवढा फरक ऐकला त्यापेक्षा मोठा फरक मी गोधडीने ऐकला आहे.

पंखा बंद करा, हे सांगायला नको, पण रेग्युलेटर शून्यावर असला तरी भिंतीवरचं बटणही बंद करा. काही रेग्युलेटरची आणि दिव्यांच्या डिमरची किरकिर तारांतून येते.

गुरगुर, उशीर आणि लाल दिवा

सतत 'हूंऽऽ' असा खर्ज येत असेल तर तो बहुधा आपल्या विजेचा ५० हर्ट्झ. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. हूं गेली तर दोषी चार्जर किंवा घराचं अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या बोर्डाला अर्थिंग नुसतं दिसायला असतं. वायरमनला बोलवा, पण प्लगची तिसरी पिन कापायचा 'देशी उपाय' करू नका. शॉक बसतो. चार्जरने फरक पडला नाही तर केबल बदलून पाहा, मग यूएसबी पोर्ट.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो आणि ताल सुटतो? बफर बघा, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा जो तुकडा साठवून मग पुढे पाठवतो तो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, आणि हा उशीर येताना-जाताना दोनदा लागतो. रेकॉर्ड करताना तो १२८ वर आणा, किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट कानात येतो. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय इंटरफेसला दोष देऊ नका. ब्लूटूथ इअरफोन रेकॉर्डिंगला चालतच नाहीत, त्यांचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो. कानांना पूर्ण झाकणारे, तारेचे, मागून बंद हेडफोन घ्या, नाहीतर मेट्रोनोमची टिकटिक तुमच्या तानेत उतरेल.

गेन लावताना मुखड्याची हळू ओळ गाऊ नका. गाण्यातली सगळ्यात मोठी ओळ पूर्ण जोर लावून गा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण ठेवा. २४ बिटवर एवढा मोकळा वाव ठेवल्याने काही बिघडत नाही. सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा लागलेला टेक मात्र फाटलेलाच राहतो.

चांदणं, भरती आणि बारावा फ्रेट

मराठीत गाणाऱ्यांची एक खास अडचण. स्वस्त कंडेन्सरमध्ये वरची पट्टी मुद्दाम उजळलेली असते, कारण दुकानात पहिल्या पाच सेकंदांत ती 'क्लिअर' वाटते. आपल्याकडे 'स' आणि 'श' आहेतच, शिवाय 'चांदणं'मधला दंततालव्य 'च'. ती सगळी अक्षरं अशा माइकवर सुरीसारखी लागतात. 'भ', 'फ' आले की हवेचा फटका. माइक खरेदी करताना 'हॅलो टेस्टिंग' म्हणू नका, 'सांजचं चांदणं, भरतीची फेसाळ लाट' असं काहीतरी म्हणा. घरी माइक तोंडापासून वीतभर दूर, ओठांच्या रेषेपासून थोडा बाजूला ठेवा. पॉप फिल्टर (हवेचा फटका अडवणारी जाळी) नसेल तर भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसवा. अगदी ओठांना लावून गायलात तर खर्ज फुगतो. काहींना तो आवडतो, पण गिटारशी भांडतो.

गिटारसमोर माइक ठेवताना जवळजवळ प्रत्येक जण साउंडहोलकडे रोखतो. तिथून पेटीचा घुमारा सगळ्यात जास्त बाहेर येतो आणि आवाज गदगद होतो. माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, वीत-दीड वीत अंतरावर ठेवा आणि किंचित साउंडहोलकडे वळवा. एक कान बोटाने बंद करून दुसऱ्या कानाने गिटारभोवती जागा शोधली तरी चालते, फक्त वाजवणारा दुसरा कुणी हवा.

आणि तारा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. सहा महिन्यांच्या तारांवर कुठलाही माइक चमक आणू शकत नाही. नवा सेट आदल्या दिवशी लावा, रात्रभर ताणू द्या.

बजेटमधला निदान पाचवा हिस्सा एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची), वजनदार स्टँड आणि फिल्टरसाठी बाजूला ठेवा. हलका स्टँड असेल तर पायावर वाळूची पिशवी टाका. टेबलाला अडकवलेल्या स्टँडवरून कोपराचा प्रत्येक धक्का माइकमध्ये जातो. सॉफ्टवेअरवर सध्या पैसे घालू नका: ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, मॅकवर गॅरेजबँड आहेच.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक स्टँडवर तसाच राहू देऊ नका. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि दमट हवेत 'पट्-पट्' फुटल्यासारखा आवाज आला तर दुरुस्तीला न्यायच्या आधी एक-दोन दिवस तिथेच राहू द्या. आमचा डबा चकल्यांचा आहे.