राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर कागदांची तयारी अकरावीतच सुरू करा

महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शासकीय प्रवेशफेरीत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी मिळून ११ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी १९ टक्के आणि विशेष मागास प्रवर्गासाठी २ टक्के जागा राखीव असतात. त्याशिवाय सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी १० टक्के आरक्षण आहे. मात्र हातातोंडाशी आलेली जागा गुण कमी पडल्याने जाते तशीच ती कागद अपुरा पडल्यानेही जाते, आणि हे दुसरे नुकसान वेळेत हालचाल केली तर टाळता येते.

पहिला कागद जातीच्या दाखल्याचा. तो उपविभागीय अधिकारी देतात आणि त्यासाठी सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. पण प्रवेशासाठी नुसता दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे दाखल्यातील जात समितीने तपासून खरी ठरवल्याचे प्रमाणपत्र, लागते, आणि अनेक पालकांना ही गोष्ट बारावीच्या निकालानंतर कळते. अनुसूचित जमातींची तपासणी स्वतंत्र समित्या करतात. बाकीच्या मागास प्रवर्गांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जावे लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीत असतानाच महाविद्यालयाकडून पत्र घेऊन हा अर्ज भरून टाकावा.

समितीला वडिलांकडच्या घराण्याचा जुना पुरावा हवा असतो. तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा असावा. म्हणून शोधाची सुरुवात आजोबांच्या प्राथमिक शाळेपासून करावी. मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागावा आणि तो हातात पडताच जातीचा रकाना नीट वाचावा, कारण तिथे कधी केवळ ‘हिंदू’ एवढेच लिहिलेले आढळते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची नोंद चालते. तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना १४ हाही चांगला पुरावा ठरतो. नोंद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. नोंदवहीत ‘गणू’ आणि सातबाऱ्यावर ‘गणपत’ असा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र वंशावळीसोबत जोडावे; असा फरक लपवून ठेवणे हा शहाणपणा नव्हे, कारण शंका आल्यास प्रकरण चौकशीसाठी समितीच्या दक्षता पथकाकडे जाते आणि त्यात महिने निघून जातात. वडिलांना, सख्ख्या काकांना किंवा आत्याला वैधता मिळालेली असल्यास तिची प्रत सर्वांत वर लावावी. विवाहित विद्यार्थिनीनेही पुरावे माहेरचेच, म्हणजे वडिलांकडचे, द्यायचे असतात.

अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत (क्रिमीलेअर) गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्रही लागते. त्याची उत्पन्नमर्यादा वार्षिक ८ लाख रुपये असली, तरी त्यात पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजले जात नाही; शिक्षकांची कित्येक मुले पगार धरला जातो या गैरसमजापायी अर्जच करत नाहीत. (आई-वडिलांपैकी कोणी वर्ग एकचा अधिकारी असेल, तर मात्र उत्पन्नापेक्षा पद पाहिले जाते.) या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे ते चालू प्रवेशवर्षासाठी वैध आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी तपासावे.

प्रवर्ग नोंदवला की खुल्या जागेवरचा हक्क जातो, ही भीती निराधार आहे. गुणवत्तेत बसणाऱ्या विद्यार्थ्याला खुल्या जागेवरही प्रवेश मिळतो. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा असतात आणि मागासवर्गाची यादी केंद्राची पाहिली जाते, म्हणून आपली जात त्या यादीत आहे का हे आधी पाहून केंद्राच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र राज्याच्या प्रमाणपत्रासोबतच काढून ठेवावे.