पावसाळ्यात हायड्राइड टिकवलं ते असं

जुलैत गोव्यातल्या ताळगाव पठारावरच्या आमच्या प्रयोगशाळेत भिंतींनाही ओल येते. त्यात हायड्रोजन शोषून साठवणाऱ्या, म्हणजे हायड्राइड होणाऱ्या, लँथेनम-निकेल मिश्रधातूची पूड हायड्रोजन घेईनाशी झाली. कणांवर ऑक्साइडचा थर बसला होता.

पूड निर्वातात तापवून जागी केली आणि आर्गॉनखाली पीएमएमएचा लेप दिला. हे अ‍ॅक्रिलिक काचेचंच पॉलिमर. हायड्रोजन सहज आरपार जातो, ऑक्सिजन बराच अडतो. पण पहिला लेप जाड झाला आणि तडकला! हायड्रोजन घेताना हा मिश्रधातू सुमारे २५ टक्के फुगतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मग पीएमएमए ज्यात विरघळवतो ते टोल्युइन नीट कोरडं करून द्रावण अगदी पातळ, पाण्यासारखं केलं. तो लेप टिकला.

बाष्प मात्र पीएमएमए पुरतं अडवत नाही, म्हणून बरणीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.