डेन्व्हरला नवीन येताय? इव्हान्स कोण ते आधी वाचा

दर ऑगस्टला नवीन येणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात आणि सगळ्यांना तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच लिहिते. शहर 5,280 फुटांवर आहे, सुरुवातीला डोकं दुखतं, दम लागतो, पाणी पीत राहा. पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो, कुकर तिकडूनच आणा. मे-जूनमध्ये गारा पडतात, गाडी उघड्यावर ठेवणार असाल तर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स (गारांचं नुकसान भरून देणारा) घ्याच, दरवर्षी कोणीतरी नवीन माणूस इथे पैसे वाचवायला जातो आणि हजारो डॉलर घालवतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या. परत सांगते, घ्या.

आता दुसरं. आपली मंडळी पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) जमली की कोणीतरी म्हणतंच, इथे कसली हिस्ट्री, सगळं मोकळं माळरान तर होतं. प्लीज हे बोलू नका. मोकळं नव्हतं, शायान आणि अरापाहो हे इथले मूळ लोक राहत होते.

तुमच्यातले कितीतरी जण युनिव्हर्सिटी ऑफ डेन्व्हरला येतात, इव्हान्स अव्हेन्यूवर रूम घेतात, आणि हा इव्हान्स कोण ते विचारतही नाहीत. डॉ. जॉन इव्हान्स, जन्म 1814, ओहायोतल्या क्वेकर (युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) घरातला. 1838 ला डॉक्टर झाला, मग इंडियाना, तिथे मनोरुग्णांसाठी सरकारी हॉस्पिटल व्हावं म्हणून झटला, मग शिकागो, तिथे रश मेडिकल कॉलेजात शिकवलं, कॉलऱ्यासाठी क्वारंटाइन हवं म्हणून आग्रह धरला, 1851 मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी उभी करणाऱ्यांत होता, इव्हॅन्स्टन गाव त्याच्याच नावाचं. प्रत्येक वेळी अजून पश्चिमेला. 1862 मध्ये लिंकनने त्याला कोलोराडो टेरिटरीचा गव्हर्नर नेमलं.

टेरिटरी म्हणजे अजून राज्य नाही, गव्हर्नर लोक निवडत नाहीत, वॉशिंग्टनहून येतो. आणि तोच गव्हर्नर इंडियन अफेअर्सचाही सुपरिंटेंडेंट (इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ लोक). म्हणजे रेल्वे आणायची, वस्ती वाढवायची, राज्याचा दर्जा मिळवायचा तोही हाच, आणि ज्यांची जमीन त्यासाठी जाणार त्यांचा सांभाळ करायचा तोही हाच. माझ्या मते घात इथेच झाला.

1864 साली त्याने आज आपली पोरं शिकतात ती युनिव्हर्सिटी काढली. त्याच वर्षी जूनमध्ये फर्मान काढलं की शांततेने राहणाऱ्यांनी ठरलेल्या किल्ल्यांजवळ यावं, आणि ऑगस्टमध्ये दुसरं, की शत्रू इंडियन दिसले तर नागरिकांनी मारावं, त्यांची मालमत्ता ठेवून घ्यावी. सप्टेंबरमध्ये शायानांचा प्रमुख ब्लॅक केटल आणि बाकीचे प्रमुख स्वतः डेन्व्हरला तह मागायला आले, तर याने सैन्याशी बोला म्हणून हात झटकले. 29 नोव्हेंबरला कर्नल शिव्हिंग्टनच्या फौजेने सँड क्रीक या ओढ्याकाठी याच शायान-अरापाहोंच्या तळावर सुमारे 230 माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. इव्हान्स तेव्हा कोलोराडोत नव्हता, हे लगेच सांगणारे भेटतील. पण ऑगस्टच्या कागदावर सही त्याचीच, आणि डॉक्टर माणसाने ती केली हे मला अजून पचत नाही.

1865 मध्ये राजीनामा द्यावा लागला. तरी तो इथेच राहिला, 1870 मध्ये रेल्वे आणली, मोठा माणूस म्हणून 1897 ला गेला. ती फर्मानं अधिकृतपणे रद्द झाली 2021 मध्ये! आणि त्याच्या नावाच्या डोंगराचं नाव 2023 मध्ये माउंट ब्लू स्काय केलं, तेव्हा जुनं नाव सोडा.

पहिल्याच वर्षी सँड क्रीकला जाऊन या, मुलांनाही न्या. ईड्स गावाजवळ आहे, गाडीने साधारण तीन तास. खाली ओढ्यात उतरू देत नाहीत, वरच्या कड्यावरून बघायचं. उघडं आहे का ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून निघा, टाकी फुल करा, शेवटचा रस्ता कच्चा आहे.