जुन्या फियाट-अँबेसिडरची थरथर नेमकी कुठून येते, ते कसं शोधावं

पद्मिनी (म्हणजे आपली फियाट) किंवा अँबेसिडर पन्नास-साठला गेली की सीट नाहीतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. गॅरेजात पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘बॅलन्सिंग करून बघू’. मग टायर, मग क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), मग माउंटिंग (इंजिनाखालचं रबर) बदलून होतं, आणि थरथर असते तिथेच. पाना उचलण्याआधी एवढंच ठरवा: थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर?

आधी गाडी उभी ठेवून

इंजिन गरम करा, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. थरथर इथेच आली तर चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरती गती नेणारा दांडा) निर्दोष सुटले, ते तर फिरतच नाहीयेत. आता क्लच दाबा. फरक पडला तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे बघा. फरक नसेल तर इंजिन बंद करून फॅनबेल्ट काढा आणि अर्धा मिनिटच चालवून बघा. थरथर गेली तर दोष पंखा, वॉटर पंप किंवा डायनमोचा. जास्त वेळ चालवू नका, बेल्टशिवाय पाणी फिरत नाही.

फक्त आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी लंगडल्यासारखी हलत असेल, तर बहुधा एक सिलिंडर नीट चालत नाही. प्लग आणि पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) तपासा. माउंटिंगचं रबर तेल पिऊन फुगलं असेल तर निरोगी इंजिनसुद्धा बॉडी हलवतं.

मग रस्त्यावर

ठाण्याचा घोडबंदर रोड या कामाचा नाही. तिथे गाडी थरथरते की रस्ता, तेच कळत नाही. रविवारी पहाटे नवी मुंबईचा पाम बीच रोड बरा. सोबत एक माणूस घ्या, चालवणाऱ्याने लिहीत बसू नये. हवा थंड टायरमध्ये मोजून भरा. वेगमर्यादेत राहून, ज्या वेगाला थरथर सर्वांत जास्त तो वेग चौथ्यात धरा. मग तोच वेग तिसऱ्यात. मग मोकळ्या पट्ट्यात न्यूट्रल. इग्निशन मात्र बंद करायचं नाही.

तिसरा गिअर का? चारगिअरी डब्यात चौथा डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चौथ्यात दोघांतला चोर ओळखू येत नाही. तिसऱ्यात इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, शाफ्टच्या तेवढ्याच राहतात. थरथर बदलली नाही, तर इंजिन निर्दोष.

चाक की शाफ्ट, हे आकड्यांवरून कळतं. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका फेरीएवढी ढकला आणि अंतर मोजा. समजा 1.85 मीटर आलं. 60 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण 9 फेऱ्या मारतं. डिफरन्शिअलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, 4.3 धरला तर शाफ्ट 39. सीटवर ‘धड-धड-धड’ जवळजवळ मोजता येतं, ते चाक. मोजता न येणारी गुणगुण आणि पायाखाली मुंग्या, तो शाफ्ट. मोबाइलवरचं कंपन मोजणारं ॲप हर्ट्झचा आकडा दाखवतं, पण सेकंदाला 100 नोंदी घेणाऱ्या फोनवर 50 च्या पुढचं वाचन धरू नका.

चाक असेल तर

पुढची चाकं मागे, मागची पुढे करा. थरथर स्टिअरिंगवरून सीटमध्ये गेली की गुन्हेगार सापडला. सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थरथर कमी होत असेल तर हेच कारण. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर जुनंच. मग चाक उचलून स्टँडवर घ्या, रिमजवळ स्क्रूड्रायव्हर घट्ट टेकवून चाक हाताने फिरवा. त्याचं टोक आणि रिम यांतली फट दीड मिलिमीटरहून जास्त बदलली तर खड्ड्याने रिम वाकवली आहे, आणि ती बॅलन्सिंगने सरळ होत नाही. थरथर फक्त ब्रेक मारताना येत असेल तर ड्रम ओव्हल झालाय, तो लेथवर न्या.

शाफ्ट असेल तर

सपाट जागा, पुढच्या चाकांना अडसर, मागे जॅक स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड ॲक्सलच्या नळीखाली द्या, म्हणजे शाफ्टचा कोन रस्त्यावर असतो तसाच राहील. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल.

क्रॉस दोन्ही हातांनी उलटसुलट पिळा. डोळ्यांना दिसेल एवढं ढिलेपण म्हणजे क्रॉस गेला. क्रॉसच्या कपापाशी तांबडी गंजपूड दिसली तर आतली नीडल बेअरिंग कोरडी पडली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत हे नेहमीचंच. दोन तुकड्यांच्या शाफ्टला सेंटर बेअरिंगचं फाटलेलं रबरही बघा.

सहसा कोणी न बघणारी गोष्ट: पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला मारलेलं अंडरकोटिंग शाफ्टवर उडालेलं असतं. एका बाजूचा तो डांबरी थर बॅलन्स बिघडवायला पुरतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पण नळीवर वेल्ड केलेली छोटी वजनपट्टी काढू नका.

शाफ्ट काढायचाच झाला तर आधी स्प्लाइनच्या (शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना आणि फ्लँजला (बोल्ट लावायच्या चकतीला) रंगाची खूण करा. दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. स्प्लाइन एक दात जरी सरकली, तरी नवे क्रॉस घालूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते, आणि दोष नव्या पार्टवर जातो.

एवढं करूनही थरथर उरली तर शाफ्टच्या मागच्या टोकाला एक होज क्लिप घट्ट बसवा. तिचा स्क्रू शाफ्टभोवती पाव-पाव फेरी पुढे येईल अशी क्लिप सरकवत चार वेळा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चाचणी घ्या. एका जागी थरथर स्पष्ट कमी झाली तर बॅलन्स बिघडलाय हे पक्कं. क्लिप कायम ठेवू नका. ती जागा रंगाने खूण करून शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवाल्याकडे न्या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला लेथवाला वाकलेली नळी डायल गेज लावून दाखवू शकेल, बॅलन्सिंग मात्र लेथवर होत नाही.