नावनोंदणीचा फॉर्म एचटीएमएलमध्ये कसा तयार करावा

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीने मुलांच्या चित्रकला स्पर्धेची नावनोंदणी यंदा कागदाऐवजी वेबपेजवर घ्यायचे ठरवले, म्हणून तेच उदाहरण येथे घेतले आहे.

एचटीएमएल म्हणजे वेबपेज लिहिण्याची भाषा, आणि टॅग म्हणजे तिच्यात कोनी कंसात लिहिलेली खूण. सर्व रकाने 'फॉर्म' या टॅगच्या आत ठेवावेत. त्याच्या 'ॲक्शन'मध्ये माहिती कोणत्या पत्त्यावर जाणार ते लिहावे आणि 'मेथड', म्हणजे माहिती पाठवण्याची पद्धत, 'पोस्ट' ठेवावी. 'गेट' ठेवल्यास पालकांचा मोबाइल क्रमांकसुद्धा ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये उघडा दिसतो.

प्रत्येक 'इनपुट'ला, म्हणजे भरायच्या रकान्याला, 'नेम' आणि 'आयडी' ही दोन्ही द्यावीत. 'नेम' नसलेल्या रकान्यातील मजकूर सर्व्हरकडे, म्हणजे माहिती स्वीकारणाऱ्या संगणकाकडे, जातच नाही आणि ब्राउझर तशी सूचनाही देत नाही. आमच्या पहिल्या चाचणीत आडनाव याच कारणाने येत नव्हते. 'आयडी' लागतो तो 'लेबल'साठी. लेबलच्या 'फॉर'मध्ये तोच आयडी लिहिला, की 'आडनाव' या शब्दावर बोट टेकवले तरी कर्सर रकान्यात जातो आणि अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर रकान्याचे नाव वाचून दाखवतो. हे काम 'प्लेसहोल्डर'वर, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणाऱ्या फिकट मजकुरावर, सोपवू नये, कारण पहिले अक्षर टाइप करताच तो नाहीसा होतो आणि नातवाचे नाव भरणाऱ्या आजींना येथे काय विचारले होते ते आठवत बसावे लागते.

पिनकोडला 'नंबर' हा प्रकार देऊ नये. ती बेरीज-वजाबाकीची संख्या नव्हे, आणि बाणाची कळ चुकून दाबली गेली तर ४००६०२ चे ४००६०३ होते. 'टेक्स्ट' प्रकार देऊन 'इनपुटमोड' 'न्यूमरिक' ठेवावा, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. मोबाइल क्रमांकासाठी 'टेल' आहेच. 'पॅटर्न'ने सहा अंकांची अट घालता येते. मात्र त्यात केवळ इंग्रजी अंक लिहिले, तर मराठी कीबोर्डवरून पिनकोड भरणाऱ्याचा फॉर्म अडतो आणि त्याला आपली चूक कळतही नाही. म्हणून पॅटर्नमध्ये अंक ज्या चौकटी कंसात लिहितात, त्यात ० ते ९ हे देवनागरी अंकही घालावेत आणि सर्व्हरवर त्यांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करावे.

वयोगटाच्या सर्व रेडिओ बटणांना (एकच पर्याय निवडण्याची गोल बटणे) एकच 'नेम' आणि वेगवेगळी 'व्हॅल्यू' द्यावी, अन्यथा एकाच मुलासाठी दोन वयोगट निवडता येतात.

रकाना भरणे सक्तीचे करणारे 'रिक्वायर्ड' खरोखर आवश्यक रकान्यांनाच लावावे. ईमेल सर्वांकडे असतोच असे नाही. 'रिक्वायर्ड' आणि 'पॅटर्न'ची ब्राउझरमधील ही तपासणी कोणालाही टाळता येते, त्यामुळे प्रत्येक अट सर्व्हरवर पुन्हा तपासावी.