बल्बवर बारकोड चिकटवण्याआधी

तुमच्या दवाखान्यात सँपलचं, म्हणजे रक्त-लघवीच्या बल्बांचं (नमुन्याच्या नळ्यांचं), बारकोड ट्रॅकिंग सुरू होणार असेल, तर कंपनीचा माणूस डेमो द्यायला येण्याआधीच निम्मी तयारी उरकून घ्या. आमच्या शंभर खाटांच्या दवाखान्यात आम्ही हे उलट्या क्रमाने केलं. आधी प्रिंटर आले, मग स्कॅनर, आणि पेशंटच्या नावांचा घोळ सगळ्यात शेवटी ध्यानात आला.

म्हणून सुरुवात नावांपासून करा. पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवायची, हा जगभरचा नियम आहे. बहुतेक सॉफ्टवेअर त्यासाठी नाव आणि जन्मतारीख धरतात. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही निम्म्या गावाची जन्मतारीख. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांना आधार काढताना नुसतं वय सांगितल्यामुळे १ जानेवारी मिळाली. मोबाईल नंबर घराला एकच, आणि तोही ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या खिशात. नावाचं तर विचारूच नका. "मावशी, पूर्ण नाव सांगा." "कोणतं सांगू, माहेरचं का सासरचं?" आधारवर एक, केसपेपरवर दुसरं. ज्ञानोबाचं इंग्रजी स्पेलिंग कुणी डी-ने करतं, कुणी जी-ने. तेव्हा दोन खुणा अशा ठरवा: तीन पदांचं पूर्ण नाव आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मनगटाच्या पट्टीवर बारकोडसकट छापलेला हवा. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर जरूर जोडा, पण तो १४ आकडी आहे. तोंडी विचारायच्या कामाचा नाही. सिस्टरांना एक सवय आत्तापासून लावा: "तुम्ही शिंदेबाई ना?" असं विचारायचं नाही. त्याला ग्लानीतली बाईही "हो" म्हणते. नाव तिच्याच तोंडून येऊ द्या.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: स्टिकर खाटेपाशी, रक्त काढल्या काढल्या लागलं पाहिजे. सकाळी काउंटरवर वीस स्टिकर छापून, रिकाम्या बल्बांना चिकटवून ट्रे घेऊन वॉर्डात फिरायचं, ही पद्धत बंद करा. पूर्वी मी जिथे होतो तिथे अशाच ट्रेमधून शेजारच्या दोन बायकांचे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध असलेले) बल्ब बदलले गेले. कालचं हिमोग्लोबिन ११.८, आज ५.२, आणि रक्तस्राव कुठेच नाही. मागच्या रिपोर्टशी ताळा घ्यायची सवय होती म्हणून ते पकडलं गेलं. बारकोड असता तरी चूक तीच झाली असती, उलट मशीनने ती बिनतक्रार पुढे नेली असती. तेव्हा वॉर्डात हातातलं स्कॅनर आणि छोटा प्रिंटर ठेवायची ऐपत आहे का, ते आधी बघा. पैसे कमी पडत असतील तर लॅबमधलं एखादं चकचकीत यंत्र कमी करा, वॉर्डातला प्रिंटर नको.

क्रमांक पेशंटला नाही, प्रत्येक बल्बला वेगळा द्या. एकाच बाईचा जांभळ्या टोपणाचा बल्ब आणि करड्या टोपणाचा बल्ब हे दोन प्रवासी आहेत. क्रमांकाची मालिका किती दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तेही कंपनीला विचारून लिहून घ्या. यादी एक्सेलमध्ये नेणार असाल तर सुरुवातीचे शून्य गळतात, तो रकाना मजकुराचा करून ठेवा. आणखी एक गंमत: साधा स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. कारकुनाने टायपिंग मराठीवर ठेवलं असेल, तर कोडमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी काना-मात्रा उमटतात. आम्ही अर्धा दिवस स्कॅनर बिघडला म्हणून बसलो होतो.

लेबलांचा कागद नीट पारखून घ्या. नुसत्या उष्णतेवर उमटणारं स्वस्त लेबल आपल्या मे महिन्यात गाडीत राहिलं तर काळं पडतं, आणि स्पिरिट लागलं की अक्षरं जातात. शाईच्या रिबनवर छापलेलं टिकतं. बल्बवर लेबल उभं आणि सरळ लावायचं. बारकोडची लांबी बल्बभोवती गुंडाळली गेली तर ॲनालायझर (तपासणीचं मशीन) ते वाचत नाही. रक्ताची पातळी दिसेल एवढी फट मात्र मोकळी ठेवा. लेबलवर एचआयव्ही असं छापायचं नाही, चाचणीचा कोड पुरे. २०१७ च्या कायद्याने ती माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि आपल्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर पाव्हणाच असतो.

स्कॅन कुठे कुठे करायचं? खाटेपाशी, वॉर्डातून निघताना, लॅबमध्ये पोचल्यावर, मशीनवर, आणि ठेवणीच्या रॅकमध्ये. एवढं बास. दहा ठिकाणं ठरवलीत तर लोक एकही मनापासून करणार नाहीत. सँपल हरवतं ते बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये, सँपल नेणाऱ्या वॉर्डबॉय मामांच्या खिशात, चहाच्या टपरीवर. मामांवर ओरडून उपयोग नाही. त्यांच्या फेऱ्यांची वेळ ठरवा आणि हातात बंद डबा द्या. वेळ का मोजायची तेही त्यांना सांगा: न विलगलेल्या (पेशी बाजूला न काढलेल्या) रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. तालुक्याहून येणाऱ्या डब्यात तापमान नोंदणारं यंत्र ठेवा, पण बल्ब बर्फाला चिकटवू नका. पोटॅशियमचं रक्त तर विलगल्याशिवाय गार करायचंच नाही, आकडा खोटा वाढतो.

सगळीकडे एकदम सुरू करू नका. माझं मत विचाराल तर पहिला मान बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचा. रक्त पुन्हा काढता येतं, तुकडा पुन्हा मिळत नाही. बरणीचं लेबल अंगावर, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. तुकडा टिकवणारं फॉर्मलीन तुकड्याच्या किमान दहापट हवं. तुकडा त्यात किती वाजता टाकला ती वेळ सिस्टिममध्ये भरायला जागा आहे का, पाहून घ्या. स्तनाच्या गाठीच्या पुढच्या तपासण्यांसाठी तो ६ ते ७२ तासच त्यात राहिलेला चालतो.

आरएफआयडीचं (लहरींनी लांबून वाचता येणाऱ्या चिपचं) आमिष दाखवतील: ट्रे दारातून नेला की आपोआप नोंद. ऐकायला झकास आहे. पण लांबून वाचणाऱ्या या लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परतवतो, आणि आपला माल म्हणजे रक्त-लघवीने भरलेले बल्ब, स्टीलच्या ट्रेमध्ये. तुमच्याच ट्रेवर, तुमच्याच दारात करून दाखवा म्हणावं, मग बोलू.

लाईट जाणारच, हे धरून चला. प्रिंटर आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर घ्या. लाईट आल्यावर जुन्या यंत्रांची घड्याळं मागची तारीख दाखवतात, म्हणून रोज सकाळी सगळ्यांची वेळ जुळवायचं काम एकाच्या नावावर करा. सर्व्हर बंद पडल्यास वापरायला वेगळ्या मालिकेचे छापील स्टिकर आणि एक रजिस्टर कपाटात ठेवा. त्याची तालीम रात्रपाळीत घ्या. दिवसा सगळे हुशारच असतात.

सुरुवातीचा मुहूर्त पोळ्यानंतर डेंग्यूची गर्दी असते तेव्हा नको. पहिले पंधरा दिवस जुनं इनवर्ड रजिस्टर सोबत चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी बल्ब मोजून दोन्हीकडचे आकडे जुळवा. आणि रिबनचे चार रोल जास्तीचे मागवा, इथे शहरातून यायला आठवडा लागतो.